ओवून ठेवलेल्या सुया

"शर्टाचं वरचं बटण काढा आणि परत लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बटण निघालं. ओढलं की निघतंच. लावायची वेळ आली तेव्हा ह्यांची बोटं गळ्यापाशी नुसती फिरत राहिली. बटण एका चिमटीत होतं, काज दुसऱ्या चिमटीत होतं, पण ते तिथे आहे हे बोटांना कळत नव्हतं. ह्यांनी मान खाली घालून बघायचा प्रयत्न केला. स्वतःच्या गळ्याखालचं बटण दिसणार तरी कसं? मी सवयीने उठले, तसा बाईंनी हात वर केला.

"तुम्ही नको. त्यांना लावू दे."

मी परत बसले. बाईंनी थोडी वाट पाहिली, मग कापसाचा एक बोळा घेतला. "आता डोळे मिटा आणि दोन्ही हात टेबलावर ठेवा. मी स्पर्श केला की सांगा."

ह्यांनी डोळे मिटले. कापूस अंगठ्याला लागला, पहिल्या बोटाला लागला, मधल्या बोटाच्या पेरावरून दोनदा फिरला. मग दुसरा हात. मी एकेका बोटाबरोबर आतल्या आत म्हणत होते, आता सांगा, आता सांगा. हे शहाण्या मुलासारखे ताठ बसून होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "लावा ना बाई. मी तयार आहे."

बाईंनी कापूस ट्रेमध्ये टाकला.

त्याच टेबलावर त्या दिवशीचा रिपोर्ट होता. पोटातली गाठ काढल्यानंतर केमोचे आठ डोस झाले होते आणि आता आत काही शिल्लक दिसत नव्हतं. दहा मिनिटांपूर्वीच बाईंनी तो हसत हसत वाचून दाखवला होता. मी पदरानं डोळेही पुसले होते. उठता उठता ह्यांच्या हातून पेन दोनदा निसटलं, ते बाईंनी पाहिलं, म्हणून हे बटण.

"हे कधीपासून आहे?"

"आत्ताच," हे म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते. "आठ-पंधरा दिवस झाले असतील फार तर."

बाई माझ्याकडे बघू लागल्या.

आमचा धंदा रफूचा. माझ्या सासऱ्यांनी सुरू केला, ह्यांनी एकतीस वर्षं चालवला. उंदराने कुरतडलेलं, विडीने जळलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं असं काहीही आणा, हे त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा काढायचे आणि त्याच धाग्याने भोक विणून बुजवायचे. उभा धागा, आडवा धागा, एक वरून एक खालून. बाहेरचा धागा कधी वापरला नाही. काम संपलं की हे डोळे मिटायचे आणि त्या जागेवरून बोट फिरवायचे. बोट कुठे अडलं तर सगळं उसवून पुन्हा. "डोळा फसतो," म्हणायचे, "बोट फसत नाही."

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक रफूगार होता. त्याचं नाव ह्यांनी कधी घेतलं नाही. त्याला 'ठिगळवाला' म्हणायचे. त्याच्याकडून बिघडलेलं काम आलं की ह्यांचा चेहरा खुलायचा. "या, या," कापडाला म्हणायचे, "फार हाल झाले का तुझे तिकडे?"

कामाला बसताना शर्टाचं वरचं बटण लावलेलं असायचं, उन्हाळा असो की काही असो. मी म्हणायचे, "जीव गुदमरत नाही का?" तर म्हणायचे, "गिऱ्हाइकाच्या कोटाची बटणं मी लावून देतो. मग माझं उघडं कसं?"

दुखणं निघालं तेव्हा पहिला प्रश्न दुकानाचा आला. ह्यांचं म्हणणं, भाड्याने द्यावं, विकू नये. माझ्या नणंदेनं एका वाक्यात विषय संपवला. ती जिभेची तिखट, पण स्वतःच्या बचतीचं पाकीट आमच्या टेबलावर आधी ठेवूनच बोलली. "वहिनी, ह्याला विचार, ह्याला स्वतःला वाचवायचंय की दुकानाच्या फळीला."

दुकान विकलं. पाटी घरी आणून कपाटामागे उभी करून ठेवली. पुढच्या खोलीत खिडकीखाली ह्यांची बैठक मांडली. औषधांच्या दुकानदारानं सांगितलं, आठही डोस एकदम घेतलेत तर एका डोसाचे पैसे वाचतील. फक्त घेतलेलं औषध परत होणार नाही. आम्ही एकदम घेतलं. हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये आमच्या नावाची खोकी रचून ठेवलेली नर्सनं दाखवली, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. सगळी सोय झाली, आता फक्त जाऊन बसायचं.

पहिले दोन डोस बरे गेले. म्हणजे उलट्या झाल्या, तोंड आलं, गार पाण्याचा नळ उघडला की बोटांत झिणझिण्या यायच्या. ते सगळ्यांनाच होतं म्हणत. चार दिवसांत जायच्या.

तिसऱ्या डोसानंतर त्या गेल्या नाहीत.

मला कळलं ते एका सकाळी. माझा एक नेम आहे. उठल्यापासून पहिला तास मी बोलत नाही. आईचा नेम होता, तिच्यामागे मी धरला. थोडा वेळ देवासमोर बसायचं, मग हातातली कामं करायची, पण तोंड उघडायचं नाही. लग्न झाल्यावर ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले होते, "तासच का? देव एवढा घाईत असतो का?" चेष्टा करायचे, पण त्या तासात ह्यांनी मला कधी हाक मारली नाही.

तर त्या सकाळी मी प्रार्थना करून उठले आणि पाहिलं, हे खिडकीशी सुई घेऊन बसले होते. धागा ओठात ओला करायचे, टोक दाबायचे, सुईजवळ न्यायचे. धागा बाजूने जायचा. पुन्हा. पुन्हा. एकदा तर सुईच हातात नव्हती, ती मांडीवर पडली होती आणि हे रिकाम्या चिमटीत धागा घालत होते.

मला बघितलं तसे हसले. "चष्म्याचा नंबर बदललाय."

त्याच आठवड्यात आम्ही नवा चष्मा केला. हातात पैसे नव्हते तरी केला. चष्मेवाल्यानं तपासून सांगितलं, नंबर होता तोच आहे. हे म्हणाले, "काचा जुन्या झाल्यात मग." मीही मान हलवली. नवा चष्मा घालूनही धागा बाजूनेच जात राहिला.

हे रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या कामाचे धागे कापडातून काढून एका पुठ्ठ्यावर ओळीने लावून ठेवायचे. धागा वीतभरच निघतो, त्यामुळे सुया खूप लागतात. चष्म्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी माझ्या त्या तासात पुठ्ठा पुढे ओढला आणि बारा धागे बारा सुयांत ओवून सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवले. हे आले, बसले, गादीकडे बघितलं. मग पहिली सुई उचलली आणि कामाला लागले.

काही बोलले नाहीत. माझा तर न बोलायचाच तास होता. नंतर तास संपला तरी मी विषय काढला नाही. दुपारी सुया संपल्या की मी जाता येता आणखी ओवून ठेवायची. असं सुरू झालं.

औषधाच्या हॉलमध्ये आठ खुर्च्या होत्या. आमच्या शेजारच्या खुर्चीत एक ड्रायव्हरकाका असायचे, गुबगुबीत, बोलके. सलाईन सुरू असतानाही गाडीची किल्ली बोटाभोवती गरगर फिरवायचे. ह्यांना म्हणायचे, "रफूगार, आत नळ्या घालून हे आपल्यालाच रफू करतायत बघा." तिसऱ्या डोसाच्या दिवशीच त्यांनी नर्सला सांगितलं होतं, "सिस्टर, किल्ली हातात आहे की नाही ते कळेनासं झालंय हो. परवा रस्त्यात पडली, पत्ताच नाही." नर्सनं ते कागदावर लिहून घेतलं.

चौथ्या डोसाला त्यांच्या खुर्चीत दुसरं कुणी होतं. ह्यांनी फरशी पुसणाऱ्या बाईला हळूच विचारलं. ती म्हणाली, "त्यांचं थांबवलं."

एवढंच. आणि ती बादली घेऊन पुढे गेली.

परतताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बघितलंस? बोलून गेला बिचारा, आणि थांबवलं." पुढे म्हणाले, "आपलं तर सगळं भरून झालंय. चार खोकी आहेत अजून."

मी म्हटलं, "हो."

त्या 'हो'मध्ये काय काय होतं ते मला आज कळतं. तेव्हा वाटलं, मी फक्त ह्यांना धीर देतेय.

दर वेळी डोसाच्या आधी डॉक्टरीणबाई विचारायच्या, "हातापायांना मुंग्या? बधिरपणा? बटणं लावताना, पेन धरताना त्रास?" हे म्हणायचे, "अजिबात नाही. धंदाच बोटांचा आहे, काही असतं तर मला आधी कळलं असतं." बाईंनाही ते पटायचं. रफूगाराला बोटांचं कळणार नाही तर कुणाला कळणार? मी शेजारी बसलेली असायची. माझ्या पर्समध्ये दोन ओवलेल्या सुया असायच्या, कारण हॉलमधले चार तास काढायला हे एखादा रुमाल रफूला घेऊन बसायचे. त्या सुया मी घरूनच ओवून आणायची.

पाचव्यानंतर एक गोष्ट झाली. गाणं शिकवणाऱ्या एक बाई ह्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी दुधी रंगाचा एक लोकरी कोट आणला होता. कोपरावर कसर लागली होती. हे दोन दिवस त्यावर बसले. पूर्वी अर्ध्या दिवसाचं काम. शेवटी नेहमीसारखे डोळे मिटले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "झालं."

मी लांबून बघत होते. कोपराशी बारीकसा उंचवटा दिसत होता. बोट त्याच्यावरून न अडता गेलं.

कोट घडी करायला घेतला तर अस्तराच्या बाजूला तीन तांबूस ठिपके. मी ह्यांचा डावा हात धरला. तर्जनीला सुई टोचून टोचून चाळण झाली होती. रक्त वाळलं होतं आणि ह्यांना काही माहीत नव्हतं. डोसांमुळे रक्त लवकर थांबतही नव्हतं तेव्हा.

"डास असेल," हे म्हणाले आणि हात मागे घेतला.

मी कोट आत नेला. गार पाण्यात बोळा भिजवून ठिपके टिपले, चोळले नाहीत, टिपले. अस्तर वाळवलं. कोपराचा उंचवटा पाणी मारून हळूच इस्त्री करून बसवला. बाई कोट घेऊन गेल्या आणि मी देवाचे आभार मानले की त्यांनी उलटून बघितलं नाही. आभार मानायची ती गोष्ट नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी रोज त्या तासात मागत होते ते एकच: ह्यांचा जीव वाचू दे. हातांचं मी कधी नाव घेतलं नाही. एका वेळी एकच मागावं असं मला वाटत होतं. जास्त मागितलं तर दिलेलं काढून घेतील, अशी काहीतरी भीती होती. डॉक्टरांची आणि देवाची मी तेव्हा गल्लत करत होते बहुतेक.

आणि आता डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या.

"तिसऱ्या डोसापासून," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे उघडले.

बाईंनी फाइल मागे उलटली. प्रत्येक पानावर त्यांच्या अक्षरात 'त्रास नाही' लिहिलेलं होतं. पाच पानं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला सांगायला हवं होतं. हे आम्हाला माहीत असतं हो. ह्याच्यासाठीच तर विचारते मी दर वेळी. चौथ्यापासून डोस कमी केला असता, मधलं अंतर वाढवलं असतं. फार तर एक औषध काढलं असतं."

"म्हणजे थांबवलं नसतं?" ह्यांनी विचारलं.

"उपचार? नाही हो. उपचार कशाला थांबवू?"

"मग आता येईल का परत? बोटांचं."

"काहींचं वर्षभरात बरंच सुधारतं. तुमचंही थोडं येईल. उशीर फार झालाय, त्यामुळे पूर्वीसारखं होईल असं नाही सांगत मी." बाईंनी फाइल मिटली. "काम काय करता म्हणालात? रफू ना?"

ह्यांनी मान हलवली. बाईंनी टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं. शर्टाचं वरचं बटण अजून उघडंच होतं.

बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी मोठ्याने हाक मारली, "रफूगार, आहात होय अजून?"

ड्रायव्हरकाका होते. पूर्वीपेक्षा वाळलेले, डोक्यावर नवीन केस बारीक उगवलेले. "मला वाटलं, तुम्ही मला न सांगताच वरचं तिकीट काढलंत."

"आम्हाला तुमचं तसंच वाटलं," हे म्हणाले.

"छे हो. माझी एक पाळी थांबवली होती, हात बधिर झाले म्हणून. मग डोस कमी केला, आणि वार बदलला, शुक्रवार दिला. शुक्रवारच्या खुर्च्यांवर गप्पांना एकही माणूस नाही बघा. सगळे झोपतात." ते हसले. बोलता बोलता त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि ती बोटाभोवती फिरायला लागली. एकदा, दोनदा, मग नुसती फिरतच राहिली.

हे त्या किल्लीकडे बघत उभे होते. मी ह्यांचा दंड धरला. "बस चुकेल," मी म्हटलं.

घरी आल्यावर हे बैठकीवर बसले. दिवा लावायची वेळ झाली तरी उठले नाहीत. मी पाणी दिलं. पेला दोन्ही हातांनी धरून, त्याच्याकडे बघत बघत प्यायले. न बघता धरला तर निसटतो हे त्यांना केव्हाचं माहीत होतं.

"तू ओवून ठेवायचीस," हे म्हणाले, "म्हणजे तुला ठाऊक आहे, असं धरून चाललो मी. म्हटलं, फार वाढलं तर ही सांगेलच बाईंना. तेवढी ही शहाणी आहे."

"मला वाटायचं, सोसेनासं झालं तर तुम्हीच सांगाल."

"सोसायला ते दुखत कुठे होतं?" हे म्हणाले. "दुखत असतं तर बोललो असतो."

थोड्या वेळाने म्हणाले, "कोटाचे डाग तू काढलेस ना? पाहिलं मी दारातून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी मन लावून टिपत होतीस. म्हटलं, असू दे."

मला रडू आलं नाही. रडण्यासारखं त्यात एका जागी असं काही नव्हतं. प्रत्येक दिवशी थोडं थोडं होतं.

नणंदेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, माणूस आहे ना समोर बसलेला? मग झालं." मी हो म्हटलं. ते खरंच होतं, आणि तरीही.

पुढे दोन महिन्यांनी गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. ह्या वेळी त्यांच्या वडिलांची शाल होती, ठिणगी पडून रुपयाएवढं भोक पडलेली. "दुसऱ्या कुणाकडे देववत नाही," त्या म्हणाल्या.

ह्यांनी शाल दोन्ही हातांनी घेतली. बोटं तिच्यावरून फिरली, थांबली. मग ह्यांनी शालीची कड उचलून गालाला लावली. डोळे मिटले. गालावरून, मग वरच्या ओठावरून अगदी सावकाश फिरवली. कितीतरी दिवसांनी ह्यांचा चेहरा कामातला झालेला मी पाहिला.

"उत्तम लोकर आहे," हे म्हणाले. "हातमागाची. उभा धागा दुहेरी पिळाचा आहे, आडवा एकेरी."

"मग कधी देता?"

ह्यांनी शाल घडीवर घडी घालून त्यांच्या हातात परत दिली. घडी घालायला वेळ लागला. बाई थांबल्या.

"बाजाराच्या त्या टोकाला एक रफूगार आहे," हे म्हणाले. "पिठाच्या गिरणीशेजारी. त्याच्याकडे द्या. त्याला सांगा, धागा आतल्या दुमडीतून काढ, बाहेरचा उन्हाने फिकटलाय." मग किंचित थांबून म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा."

बाई गेल्या. हे खिडकीबाहेर बघत बसले. त्या संध्याकाळी पुठ्ठा रिकामाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवासमोरून उठले. सवयीने पुठ्ठा पुढे ओढला आणि तसाच मागे ठेवला. गादीला बारा सुया टोचलेल्या होत्या, एकीतही धागा नव्हता. हे आंघोळ करून आले. स्वच्छ शर्ट घातला होता. आरशासमोर उभे राहून वरच्या बटणाशी खटपट करत होते. बटण हातातून सुटायचं, पुन्हा धरायचे. मला बघितलं आणि हात खाली घेतले. मग उघडी कॉलर तशीच ठेवून बैठकीकडे निघाले.

"थांबा," मी म्हटलं.

हे वळले. घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अजून तास झाला नाही तुझा."

"असू दे," मी म्हटलं आणि जवळ गेले. ह्यांनी हनुवटी वर केली. मी बटण लावलं.